चिमट्यातली जागा

मारुंजीत राहून सायकल चालवणाऱ्याला दोन तऱ्हेचे रस्ते लागतात. कामाच्या दिवशी लक्ष्मी चौक आणि पुढे हिंजवडीचं आयटी पार्क. काँक्रीटचे सांधे, वर आलेली गटाराची झाकणं, मिक्सरमधून सांडून जागीच घट्ट झालेली ढेकळं, टँकरच्या पाण्यानं निसरडा झालेला उतार. सुट्टीला बरोबर उलटी वाट: नेरे, कासारसाईचं धरण, पुढे चांदखेड, शिरगाव. मध्येच डांबर संपून मुरूम लागतो, कुठे नुसतं खडीकरण करून सोडलेला तुकडा, कुठे पाणंद. कासारसाई-दारुंब्रे इथल्या साखर कारखान्याचा हंगाम चालू असला तर ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि त्यांत आडवे पडलेले ऊस.

दोन रस्ते म्हणजे दोन सायकली, असा दुकानदाराचा हिशोब असतो. पैसे असले तरी फ्लॅटच्या गॅलरीत तेवढी जागा नसते. म्हणून बरेच जण एकच सायकल, पण हवी तशी, सुटे भाग जमवून बांधायच्या मागे लागतात. हँडल, सीट, गिअर, चाकं पुढे केव्हाही बदलता येतात. फ्रेम मात्र एकदा घेतली की पुढचे सगळे निर्णय तीच घेते. आणि फ्रेम निवडताना माणूस पहिला प्रश्न हमखास चुकीचा विचारतो: स्टील की ॲल्युमिनियम की कार्बन? त्याआधी बघायच्या तीन गोष्टी आहेत, चिमट्यातली जागा, फ्रेमवरची भोकं आणि नळीतले आटे.

ग्रॅव्हल सायकल हा प्रकार नावारूपाला आला अमेरिकेत. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाजवळ, फ्लिंट हिल्समध्ये २००६ पासून कच्च्या रस्त्यांवरची एक लांब पल्ल्याची शर्यत होते. तिचं आजचं नाव ‘अनबाउंड ग्रॅव्हल’. तिथली खडी चकमकीच्या दगडाची, टायर उभा कापणारी. शर्यतीची बारीक टायरची सायकल तिथे टिकेना, माउंटन बाइक लांब पल्ल्याला जड पडे. त्यातून मधला प्रकार निघाला. हँडल शर्यतीचं, वाकडं. टायर रुंद, ब्रेक डिस्कचे आणि चाकांमधलं अंतर जास्त. आपला दगड बेसॉल्ट, पण क्रशरमधून नुकतीच बाहेर पडलेली खडीही काही कमी धारदार नसते.

खरं तर असल्या रस्त्याची सायकल आपल्याकडे आधीपासूनच होती, तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं एवढंच. दूधवाल्याची काळी सायकल एकदा टेप घेऊन नीट मोजावी. टायर २८ बाय दीड इंच, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर रुंद. पुढच्या नळीचा कोन ६७ अंशांच्या आसपास, चांगलाच कललेला. दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर ११०० मिलिमीटरच्या पुढे. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट आरामात फिरेल एवढी जागा, मागे कॅरिअर, चेनवर पत्र्याचं कव्हर. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून ती मातीच्या रस्त्यावर न डगमगता चालते, ती या मापांच्या जोरावर. हर्क्युलस, ॲटलस, हीरो अशा सगळ्यांनी थोड्याफार फरकानं हीच फ्रेम वर्षानुवर्षं काढली. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.)

मग तीच फ्रेम घेऊन वर नवे गिअर का चढवू नयेत? हा मोह पुष्कळांना होतो. अडचण मागच्या चिमट्यात आहे. एका गिअरच्या चाकासाठी तो सुमारे ११० मिलिमीटर रुंद असतो. आजच्या डिस्क ब्रेकच्या गिअरवाल्या चाकाला १३५ किंवा १४२ लागतात. स्टीलचा चिमटा थंडच ताणून फाकवता येतो, पण डिस्क ब्रेकची पट्टी, मागच्या गिअरचा हँगर, केबलचे आधार असलं काहीच त्यावर नसतं. सळईचे ब्रेक आणि लोखंडी रिम पावसात किती थांबतात, हे तिच्यावरून शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. त्या फ्रेमकडून मापं शिकावीत आणि तिला दूधवाल्याकडेच राहू द्यावं.

आता चिमट्याकडे. टायर आणि चिमटा यांच्यातल्या मोकळ्या जागेचा प्रश्न आपल्याकडे वाळूपेक्षा चिखलामुळे येतो. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि टायरला थरावर थर चिकटत जाते. पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावरून शंभर पावलं सायकल नुसती ढकलत नेली तरी चाक फिरायचं थांबतं. माती टायरवरून निघून चिमट्याच्या बेचक्यात बसते, तिच्यात खडा अडकतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर रंग खरवडला जातो. कार्बनची फ्रेम असेल तर रंगानंतर पाळी कार्बनच्या धाग्यांची.

कंपनी ‘कमाल टायर ४५ मिलिमीटर’ असं लिहिते तेव्हा त्यात मडगार्ड धरलेलं नसतं. पुण्याच्या जून ते सप्टेंबरमध्ये मडगार्डशिवाय ऑफिसला जाणं म्हणजे पाठीवर चिखलाची रेघ घेऊन मीटिंगला बसणं. पूर्ण लांबीचं मडगार्ड लावलं की त्या ४५ चे साधारण ४० राहतात, आणि चिखलाला वाट ठेवायची तर ३८ वर थांबलेलं बरं. ज्या फ्रेमवर मुळात ३५ च लिहिलंय तिच्यात मडगार्डसकट ३० च्या पुढे जाता येत नाही, आणि ३० वर खडीकरणाचा रस्ता म्हणजे मनगटांना शिक्षा. माझ्या मते मारुंजीसाठी ४५ ही खालची मर्यादा धरावी. जागा चार ठिकाणी मोजायची. पुढच्या चिमट्याच्या बेचक्यात; मागे सीटखालच्या दोन नळ्यांमध्ये; पायडलाजवळच्या नळ्यांमध्ये, जिथे चेनची चक्रीही जागा मागत असते तिथे; आणि टायर ते सीटच्या नळीपर्यंत. तिसऱ्या ठिकाणी बहुतेक फ्रेम नापास होतात.

चाकाच्या मापाचं गणित पायडल जमिनीपासून किती वर राहील इथपर्यंत जातं, आणि गतिरोधकांच्या तालुक्यात ते करून बघायला हवं. ७०० सी म्हणतात त्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर. त्यावर ४० चं टायर चढवलं की त्रिज्या ३५१ झाली. फ्रेमचा बीबी, म्हणजे क्रँकचा आस बसतो तो भाग, चाकांच्या आसांच्या रेषेखाली ७० मिलिमीटर असेल तर तो जमिनीपासून २८१ वर आला. त्याच फ्रेममध्ये ५८४ ची छोटी रिम आणि ४७ चं टायर घातलं तर २६९. त्यातून १७० ची क्रँक वजा केली की पायडल खाली असताना उरतात ९९ मिलिमीटर, त्यातही पायडलाची निम्मी जाडी जायची. एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी हौसेनं घातलेल्या उंच गतिरोधकावरून पायडल मारत जायला हे कमी आहे. तिथे पाय आडवे ठेवून घरंगळत जावं लागेल. छोट्या चाकाचा फायदा बुटक्या माणसाला. लहान फ्रेममध्ये मोठं चाक असलं की वळताना बुटाचं टोक मडगार्डला घासतं, आणि लक्ष्मी चौकातल्या गर्दीत हळू वळतानाच नेमकं हे होतं.

माप म्हणजे पूर्वी सीटच्या नळीची लांबी असे, २२ इंची किंवा २४ इंची. आता वरची दांडी उतरती असते, त्यामुळे त्या आकड्यात फारसा अर्थ उरलेला नाही. दोन आकडे बघायचे: स्टॅक आणि रीच. बीबीच्या मध्यापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. हँडल किती उंच आणि किती लांब येणार, हे या दोनांतून कळतं. जानेवारी २०२६ च्या पुणे ग्रँड टूरमध्ये मुळशी-मावळातून धावलेल्या सायकलींवर स्वार हँडलवर ओणवे होते. ते हवेशी भांडत होते. रोज सकाळी पीएमपीच्या बसशी आणि उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाकीशी भांडणाऱ्याला मान वर हवी. म्हणून तुमच्या उंचीच्या शर्यतीच्या फ्रेमपेक्षा स्टॅक जास्त आणि पुढच्या नळीचा कोन शर्यतीच्या ७३ अंशांऐवजी ७० ते ७२ असलेली फ्रेम बरी. मागच्या चिमट्याची लांबी ४३० मिलिमीटरच्या पुढे असेल तर कॅरिअरला अडकवलेल्या बॅगेला टाच लागत नाही. कॅरिअरवर भाजीची पिशवी आणि मागे मूल असेल तर पाय पलीकडे टाकायचाच कसा, हा प्रश्न पुरुषांनाही पडायला हरकत नाही. वरची दांडी खाली आणलेली फ्रेम ‘लेडीज’ म्हणून मोडीत काढणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे.

आता धातू. वर्षानुवर्षं ऐकू येणारं वाक्य असं की स्टीलची फ्रेम धक्के खाते आणि ॲल्युमिनियमची अंगावर फेकते. दोन त्रिकोणांची फ्रेम उभ्या दिशेनं इतकी ताठ असते की खड्ड्यात ती एखाद्या मिलिमीटरचा अंशच दबते. ४० चं टायर ४० पीएसआयवर ठेवलं तर ते कित्येक मिलिमीटर दबतं. आराम टायर देतं, आणि फ्रेमनं आरामासाठी करायचं काम म्हणजे त्या टायरला आत येऊ देणं. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा सवयीनं ६० घालतो. त्याला आकडा सांगून थांबवायला हवं.

स्टीलचे फायदे दुसरीकडे आहेत. क्रोमोली म्हणतात त्या पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. त्यानं बळकटी वाढते, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते. तिलाही एक जुनी युक्ती आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली पेटंट घेतलं ते अशा नळीचं जी टोकांना, म्हणजे सांध्याशी, जाड आणि मध्ये पातळ असते. बाहेरून एकसारखी दिसते, फरक सगळा आत. १९३५ मध्ये रेनॉल्ड्सनं ‘५३१’ नावाची नळी काढली आणि पुढची कित्येक दशकं चांगल्या सायकलीवर तेच लेबल असे. गंमत अशी की ही कंपनी १९२८ पासून ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या छत्राखाली होती, त्याच कंपनीशी हातमिळवणी करून मुरुगप्पा समूहानं १९४९ मध्ये मद्रासला सायकलींचा कारखाना उभा केला. आपली हर्क्युलस तिथलीच, म्हणजे नात्यानं ५३१ ची चुलतबहीण. नळी मात्र साधी, जाड पोलादाची मिळाली. त्यात कारखान्याचा दोष नव्हता, गिऱ्हाइकाला सायकलीवर दोन पोती न्यायची होती.

ॲल्युमिनियम वजनाला स्टीलच्या तिसऱ्या हिश्शाचं, पण ताठपणाही तिसरा हिस्साच. म्हणून त्याच्या नळ्या जाडजूड दिसतात. घेर वाढवला की ताठपणा भराभर वाढतो. त्याला तांबडा गंज चढत नाही, हा मुळशीच्या पावसात मोठा गुण. दुर्गुण असा की वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याजवळ ते मऊ पडतं आणि पुन्हा भट्टीत घालून कडक करावं लागतं. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात भट्टी नसते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा तुटलेला कान, म्हणजे चाकाचा आस बसतो ती पट्टी, तिथे जोडून घेतला तर तो सांधा दिसेल छान, टिकणार नाही. स्टीलचा कान मात्र गॅसवर पितळेची झाळ देणारा जुना कारागीर अजूनही नीट बसवतो.

स्टील गंजतं, आणि आतून गंजतं. पावसाचं पाणी सीटच्या दांड्याशेजारून नळीत उतरतं आणि बीबीपाशी साचून राहतं. फ्रेम घेताना उलटी करून बीबीच्या नळीला खालून भोक आहे का ते बघावं. नसलं तर पाडून घ्यावं. फ्रेम मोकळी असतानाच आतून उकळलेलं जवसाचं तेल फिरवून वाळू द्यायचं, ही जुन्या फ्रेम बांधणाऱ्यांची रीत आजही चालते. सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला ग्रीस लावून घालायचा आणि पावसाळ्यानंतर एकदा काढून पुसायचा. तसं केलं नाही तर दोन धातू एकमेकांना असे धरतात की दांडा करवतीनं कापून काढावा लागतो.

बांबूचीही फ्रेम होते. हवाई दलातून निवृत्त झालेले पुण्याचे शशिशेखर पाठक यांनी बांबूच्या सायकली घडवल्या आहेत. नळ्यांच्या जागी बांबू, आणि सांध्यांवर राळेत भिजवलेल्या धाग्यांचं वेष्टन. बांबू कंप चांगला जिरवतो. मात्र सांधा आणि टोकं पाण्यापासून जपावी लागतात. रोजच्या मारुंजी-हिंजवडीसाठी मी घेणार नाही, पण बघायला जरूर जाईन. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयातही फ्रेमचा अभ्यास करायला एखादी दुपार घालवावी. तिथली छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल दुसऱ्या महायुद्धातली. एकच काम डोळ्यांपुढे ठेवून फ्रेम आखली तर ती किती वेगळी दिसते हे तिच्याकडे बघून कळतं.

बीएसएवरून आटे. ब्रिटनमधल्या या बंदुका बनवणाऱ्या कारखान्याचं नाव जगभरच्या मेकॅनिकांच्या तोंडी आज उरलंय ते बीबीच्या आट्यांमुळे: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, उजव्या बाजूला उलटे. उलटे अशासाठी की पायडल मारता मारता कप सुटू नये. या आट्यांचा बीबी सगळीकडे मिळतो आणि ज्याच्याकडे पाना आहे तो कुणीही बदलून देतो. गेल्या वीसेक वर्षांत आट्यांऐवजी दाबून बसवायचे बीबी आले. कारखान्याला ते सोयीचे, वजनालाही थोडे हलके. पण फ्रेमचं भोक मापात जरा जरी चुकलं, किंवा आत चिखलाचं पाणी शिरलं, की प्रत्येक पायडलाला करकर सुरू होते. केबली हेडसेटमधून, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगमधून, आत घालणाऱ्या फ्रेमचंही तेच. दिसायला सुंदर, पण पावसाळ्यानंतर पंधरा मिनिटांत व्हावं असं बेअरिंग बदलायचं काम ब्रेकचं तेल काढण्यापर्यंत जातं. रोजच्या सायकलीला केबल बाहेरूनच बरी.

आणि भोकं. मागच्या चाकाच्या आसाजवळ दोन्ही बाजूंना दोन-दोन, एक कॅरिअरचं, एक मडगार्डचं. सीटखालच्या दोन नळ्यांच्या वरच्या टोकाला दोन. पुढच्या चिमट्यावर मडगार्डची. बाटलीची निदान दोन जोड्या. सगळी पाच मिलिमीटरची, म्हणजे बोल्ट पडला तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दुसरा मिळतो. लॅपटॉप, डबा, रेनकोट आणि कुलूप मिळून सहज सहा-सात किलो होतात. ते पाठीवर घेऊन उन्हाळ्यात जाणाऱ्याचा शर्ट ऑफिसात पोचेपर्यंत बदलायच्या लायकीचा होतो. पट्ट्या बांधून कॅरिअर बसवता येतो, पण खडीवर पट्टी सरकते.

एवढं सगळं एका फ्रेममध्ये बघायला गेलं की ‘ग्रॅव्हल’ असा शिक्का असलेल्या महाग फ्रेमपेक्षा अनेकदा साधी ॲल्युमिनियमची हायब्रिड पुढे निघते. ७०० सी चाकं, डिस्क ब्रेक, आटेवाला बीबी, कॅरिअरची भोकं, सपाट हँडल. हँडल वाकडं हवंच असं नाही. वाहतुकीत ब्रेक सतत बोटाखाली असलेला बरा. सपाट हँडलसाठी आखलेल्या फ्रेमचा रीच मुळातच जास्त असतो. तिच्यावर वाकडं हँडल चढवलं की हात आणखी पुढे ओढले जातात आणि मान दुखायला लागते. हायब्रिडला स्प्रिंगचा चिमटा असेल तर तो काढून साधा बसवताना उंची मोजावी, आसापासून माथ्यापर्यंत. नवा चिमटा दोन सेंटिमीटर बुटका निघाला तर पुढचा कोन अंशभर उभा होतो, पायडलही खाली येतं, आणि संथ वळणारी सायकल उगाच चुळबुळी होते.

जुनी फ्रेम घ्यायची असेल, मग ती ओळखीतली असो की मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातली, तर खिशात सुतळीचं बंडल ठेवावं. पुढच्या नळीच्या मागे, खालच्या दांडीच्या पोटावरून बोट फिरवायचं. रंगाला सुरकुती असेल तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे. मग मागच्या एका कानाला सुतळी बांधून ती पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. मिलिमीटरभर फरक सगळ्यांतच असतो. तीन-चारच्या पुढे गेला की मागचं चाक पुढच्याच्या रेषेत नाही. स्टील असेल तर जाणता कारागीर ती थंडच दाबून सरळ करतो, तेवढे पैसे भावात कमी करून घ्यावेत. ॲल्युमिनियम असेल तर विक्रेता कितीही खाली उतरला तरी घेऊ नये. आणि आपटलेली कार्बनची असेल, तर सुतळी खिशातून काढायच्या आधीच नमस्कार करून निघावं.